हाताच्या पाठीवरचा उजेड

"ते दिवे काढायचे नाहीत."

"दोन काढले, मा. उरलेले सहा जेवण झाल्यावर काढते."

"मग काढलेले दोन परत चढव. शिडी इथेच आहे."

"शिडीवर तू आहेस! आधी खाली उतर. त्रेसष्ट वर्षांची बाई, सपाता घालून शिडीवर चढते!"

"माझ्या पायात काय आहे ते माझं मी बघीन. तू हातातला तो पेचकस ठेव खाली."

"परवाना कोणाच्या नावावर आहे?"

"घर कोणाच्या नावावर आहे?"

"शेड घरात येत नाही. सरकारी कागदावर शेडला वेगळा नंबर आहे आणि त्या नंबरापुढे लारिसा माकोर्टॉफ असं लिहिलंय."

"आणि त्या लारिसा माकोर्टॉफला नऊ महिने पोटात कोणी वागवलं, ते लिहिलंय का त्या कागदावर?"

मी दारात छाटलेल्या पानांची बादली घेऊन उभी होते. आत जावं तर दोघींच्या मधे सापडेन, मागे फिरावं तर ऐकून पळाले असं होईल. लूशा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होती. एका हातात शिडीचा दांडा, दुसऱ्या काखेत दिव्याचा पत्र्याचा टोप, मोठ्या पातेल्याएवढा. खाली लारिसा. मायलेकींची कपाळं एकसारखी, चिडल्या की मधोमध एकच उभी आठी पडते. त्या दिवशी दोन्ही आठ्या समोरासमोर होत्या.

लूशा माकोर्टॉफ गांजा पिकवते. पस्तीस वर्षं पिकवते आहे, त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं चोरून. आयुष्यात तिने एक झुरका मारलेला नाही. बिडी नाही, सिगारेट नाही, दारूचा थेंब नाही, मांस नाही. तिच्या समाजात ते चालतच नाही. शंभरेक वर्षांपूर्वी झारचं सैन्य नको म्हणून बंदुका जाळून रशियातून इथे कॅनडाच्या डोंगरांत येऊन राहिलेली ही माणसं. रविवारी प्रार्थनेच्या घरात टेबलावर पाव, मीठ आणि पाणी ठेवून, एकमेकांना वाकून नमस्कार करून गातात. लूशाचा आवाज दुसऱ्या ओळीतून सगळ्यांच्या वर जातो आणि पहिल्या ओळीतल्या म्हाताऱ्या माना वळवतात.

मी बारा वर्षांपूर्वी स्लोकनच्या या खोऱ्यात एका हंगामापुरती छाटणीला आले होते. कात्री चालवायची, हातांना चिकटलेली काळी राळ तेल लावून पुसायची, महिन्याने जायचं. गेले नाही. लूशाच्या घराच्या वरच्या खोलीत राहिले. वयाने मोठ्या बाईला इथे त्योत्या म्हणतात, तशी मीही म्हणायला लागले आणि तिने कधी हरकत घेतली नाही.

त्योत्या लूशा बसत नाही. बोर्श्ट, म्हणजे कोबी-बटाट्याचं सूप, तेसुद्धा ओट्याशी उभ्याने खाते, वाडगा हातात आणि नजर खिडकीतून शेडकडे. कोणी पाहुणा आला तर खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी राहते, जणू खुर्ची तिच्यासाठी नसून कोणातरी येणाऱ्यासाठी राखून ठेवली आहे. "बस की गं," म्हटलं तर म्हणते, "बसले की डोकं चालायला लागतं."

सुरुवात कशी झाली ते तिने मला एकदा सारणाच्या पिराही लाटता लाटता सांगितलं. सॉमिल बंद पडली. नवरा कोझ्मा तिथे करवतीवर होता. पाठ आधीच गेलेली, आता कामही गेलं. शेवटच्या दिवशी सगळे आपापली हत्यारं घेऊन घरी निघाले, आणि कोझ्माने मिलच्या आवारातला, रात्रपाळीच्या लाकडांवर पडायचा तो सोडियमचा पिवळा दिवा खांबावरून उतरवून घरी आणला.

"मी म्हटलं, हे काय करायचं? तो म्हणाला, माहीत नाही. वीस वर्षं याच्या खाली उभा राहिलोय, सोडून कसा येऊ?"

तो दिवा जिन्याखाली लागला आणि त्याखाली चार कुंड्या. चाराच्या चाळीस झाल्या. हिवाळ्यात एक वेगळीच पंचाईत. दिव्यांची ऊब इतकी की छपरावर बर्फ टिकेना. सगळं खोरं पांढरंशुभ्र आणि माकोर्टॉफांचं छप्पर तेवढं उघडं, काळं. त्या काळात इथले लोक माणसाचं तोंड बघण्याआधी त्याचं छप्पर बघायचे. मग लूशा काय करायची, तर फावडं घेऊन अंगणातला बर्फ छपरावर फेकायची. शेजारी छपरावरून खाली ढकलताहेत, ही खालून वर.

"लोक विचारायचे नाहीत?"

"विचारायचे. मी सांगायचे, पत्रा तापला की वाजतो, कोझ्माला झोप लागत नाही."

"आणि ते पटायचं?"

"अगं, त्यांचीही छपरं मी बघतच होते की!"

ते सात-आठ वर्षं चाललं. पोलीस आले, झाडं उपटून नेली. लूशाला चौदा महिने घरबंदीची शिक्षा झाली. घर आणि अंगण, त्याच्या पुढे पाऊल नाही. कोझ्मा नंतर हसत हसत सांगायचा की तिने त्या चौदा महिन्यांत घराभोवती चालून चालून गवतात अशी वाट पाडली की वरून बघणाऱ्याला वाटावं इथे घोडा बांधलाय. तो सांगायचा तेव्हा लारिसा कधीच हसायची नाही. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. शाळेच्या बसमध्ये तिच्या शेजारी कोणी बसत नसे. कोटाला वास येतो म्हणून ती रोज संध्याकाळी कोट व्हिनेगरमध्ये बुडवायची, मग पोरं म्हणायची, आज लोणचं आलं.

शिक्षा संपल्यावर लूशाने पुन्हा चोरून कुंड्या मांडल्या. पुढे कायदा बदलला. कोझ्मा तोवर गेला होता. ज्या लारिसाने गांजाच्या नावाने नाक मुरडलं तिनेच शहरातून परत येऊन परवाना काढला, अंगणात शेड बांधली, आणि दरवाजावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. छान ठळक अक्षरांत. रस्त्यावरून दिसेल अशी.

शेडमध्ये दोन खोल्या. दोन्हींत पिवळे दिवे, लूशाने निवडलेले. पाच वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग या सप्टेंबरात लारिसाने एलईडीच्या पट्ट्या मागवल्या.

"विजेचं बिल निम्मं येईल," शिडीखालून ती म्हणत होती. "खोली तापणार नाही. पंखे कमी लागतील."

"खोली तापणार नाही म्हणजे रोपं कुडकुडतील."

"रोपांना उजेड लागतो, मा. शेकोटी लागत नाही."

"तुला काय माहीत त्यांना काय लागतं? तू कधी हात धरलायस दिव्याखाली?"

हात धरणं म्हणजे काय, ते या खोऱ्यात प्रत्येक जुन्या माणसाला ठाऊक आहे. रोपाच्या शेंड्याच्या उंचीला हाताची पाठ वर करून धरायची. मनात स्तोत्राचं एक कडवं म्हणायचं. कडवं संपायच्या आत कातडी चुरचुरली तर दिवा वर घ्यायचा. कडवं संपून हात थंडच राहिला तर खाली. लूशाच्या उजव्या हाताची पाठ त्यामुळे डाव्यापेक्षा काळी पडली आहे. ती ते कधी लपवत नाही.

शेवटी मीच बादली खाली ठेवली आणि म्हटलं, "त्योत्या, एक खोली तुझी, एक खोली लारिसाची. बघा ना काय होतं ते."

दोघी माझ्याकडे वळल्या. दोन आठ्या माझ्यावर.

लारिसा म्हणाली, "चालेल. एकाच दिवशी लावायची. माल घेणाऱ्याकडे दोन पिशव्या पाठवायच्या, नाव न लिहिता. त्याला जी आवडेल तिची पद्धत दोन्ही खोल्यांत. कायमची."

"आणि दुसरीची?"

"दुसरीने मग आराम करायचा."

आराम हा शब्द लूशाने कसा ऐकला ते मी पाहिलं. ती शिडीवरून उतरली, टोप जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "लाव."

त्यानंतरचे दोन महिने घरात कोणी धड बसलं नाही. दोन्ही खोल्यांत एकाच मातृझाडाच्या फांद्यांपासून केलेली रोपं. डावीकडे लूशा. रोप वीतभर झालं की ती त्याचा शेंडा खुडते. बाजूचे फुटवे जोर धरतात, मग एकेकाला मऊ तारेने कुंडीच्या काठाकडे ओढून बांधते. दोन दिवसांनी परत येऊन थोडं आणखी ओढते. फांदी जाड असेल तर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळत राहते, आतला गर मऊ होईपर्यंत, आणि मग हळूच लववते. साल फाटत नाही. आठवड्याने तिथे गाठ येते, माणसाच्या मोडून सांधलेल्या हाडासारखी. सहा आठवड्यांत झाड उभं न वाढता परातीसारखं पसरतं आणि प्रत्येक फांदीला सारखा उजेड मिळतो. छत्तीस झाडं, प्रत्येकाची वाकवण्याची तऱ्हा वेगळी, आणि सगळी तिला पाठ.

उजवीकडे लारिसा. तिने कुंड्यांवर आडवी जाळी ताणली. फांदी जाळीच्या वर आली की खाली दाबून पुढच्या चौकोनातून काढायची. झालं. मी एका सकाळी तीस कुंड्या उरकल्या, आणि मला त्यातलं काहीच येत नाही.

"बघितलंस?" लूशा मला म्हणाली. "तूसुद्धा केलंस."

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्यामुळेच ते मला लागलं. जे मलाही जमतं त्यासाठी तिची गरज कोणाला राहणार, हे ती जाळीकडे बघत मनात मोजत होती.

मग उजेडाचे तास बारावर आणले, बारा तास काळोख, आणि दोन्ही खोल्यांत कळ्या धरल्या. उजवीकडच्या कळ्या मला जास्त भरीव वाटत होत्या. लूशा दिवसातून चारदा उजव्या खोलीच्या दारातल्या काचेतून बघून यायची.

कळ्यांच्या पाचव्या आठवड्यात लारिसाला नऊ दिवस व्हँकुव्हरला जावं लागलं. परवान्याचं प्रशिक्षण होतं, चुकवता येत नव्हतं. जाताना तिने दोन्ही खोल्यांची सूत्रं आईच्या हातात दिली.

"पाणी घाल. पानं बघ. बाकी माझ्या खोलीत कशाला हात लावू नकोस."

"हात लावायला आहे काय तिथे? जाळीच तर आहे."

"मा."

"नाही लावत. जा. रस्त्यावर बर्फ आहे, हळू चालव."

दुसऱ्या दिवशी थंडी उतरली. तिसऱ्या दिवशी सकाळी लूशाने मला हाक मारली. उजव्या खोलीत ती पांढऱ्या उजेडात उभी होती, हात शेंड्यांवर धरलेला, ओठ हलत होते. कडवं संपलं. तिने ते पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "तू धर."

मी धरला. खरंच काही नव्हतं. खिडकीतल्या ढगाळ उन्हाला जेवढी ऊब असते तेवढीही नाही.

"उपाशी आहेत गं ही. बिचारी."

"त्योत्या, लारिसाने सांगितलंय…"

"लारिसाने सांगितलंय पानं बघ. मी पानं बघतेय. थंडी तिला व्हँकुव्हरात बसून कशी कळणार?" ती दाराकडे गेली, परत आली, पुन्हा हात धरला. "तिचं पीक मेलं तर मला आनंद होणार आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग धर ती दोरी."

दोरी मीच धरली. पट्ट्या दोरी-कप्पीवर टांगलेल्या होत्या, अलगद खाली आल्या. वीतभर. तिने हात धरला. अजून नाही. आणखी चार बोटं.

त्या रात्री आणि नंतरच्या प्रत्येक रात्री लारिसाचा फोन यायचा. लूशा भिंतीला टेकून उभी राहून बोलायची, फोनची वायर बोटाला गुंडाळत.

सहाव्या दिवशी शेंडे फिकट झाले. आधी नुसते पिवळसर, मग टोकाला दुधाळ. लूशाने एक कळी वाकवून बराच वेळ बघितली. माझ्या मते तिला तेव्हाच काहीतरी खटकलं. पण खटकलं तर ती काय करते? जे येतं तेच जोरात करते. म्हणाली, थंडीने पडलेत, आणि दिवे आणखी खाली घेतले. आता पट्ट्या कळ्यांवर जवळपास टेकल्या होत्या, आणि तिचा हात तरीही थंड. मी विचारलं, "लारिसाला कळवायचं का?" ती फावडं घेऊन अंगणात बर्फ काढायला गेली. अंगण सकाळीच काढून झालेलं होतं.

संध्याकाळी फोन वाजला.

"हो. हो, डावीकडे छान. उजवीकडे? ठीक आहे. पाणी घातलं. तू जेवलीस का?"

नवव्या दिवशी दुपारी लारिसाची गाडी आली. ती कोट न काढता शेडमध्ये गेली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात. लूशा बडीशेप चिरत होती. बोर्श्टमध्ये चिमूटभर लागते, तिने जुडी चिरली. मग दुसरी घेतली.

लारिसा आत आली. हातात एक फांदी. खालची पानं हिरवी, मधल्या कळ्या हिरव्या, आणि वरच्या चार बोटांतल्या कळ्या कागदासारख्या पांढऱ्या. तिने ती टेबलावर ठेवली.

"सगळ्या खोलीत असंच आहे."

"थंडी," लूशा म्हणाली. "फार थंडी पडली, लारिस्का. मी खाली घेतले, तरी…"

"थंडीने नाही. उजेडाने. जळलीत ती, मा. हे दिवे तापत नाहीत, उजेड मात्र तुझ्या दिव्यांहून जास्त. हाताला कळत नाही. कळणारच नाही."

लूशाने सुरी ठेवली. स्वतःच्या हाताची पाठ उजेडाकडे करून पाहिली, पालथी, उलथी.

"दोरी मी धरली होती," मी म्हटलं.

"तू थांब जरा." लारिसा ओरडत नव्हती, त्याने जास्त भीती वाटत होती. "मला एवढं कळतं की तुला ठाऊक नव्हतं. या खोऱ्यातल्या कोणाही म्हाताऱ्याने हेच केलं असतं. मीही लहानपणी तुझ्याबरोबर हात धरून तेच कडवं म्हणायचे. त्याचा मला राग नाही."

"मग?"

"आता तुझी पिशवी एकटीच जाणार. तुझी खोली जिंकली. दिवे तुझे राहणार, दोन्हीकडे. ठरलंय तसं."

"मला तसं नको."

"तुला काय नको ते नंतर बघू." ती खुर्चीत बसली. कोटाची बटणं तशीच. "सहाव्या दिवशी मी फोन केला. मी विचारलं, माझ्या खोलीत काय चाललंय. तू म्हणालीस, ठीक आहे. तेव्हा शेंडे पांढरे झाले होते. तुझी नजर मला माहीत आहे, एका पानावरचा ठिपका तू दारातून ओळखतेस. तेव्हा सांगितलं असतंस तर मी म्हटलं असतं, वर घे, आणि अर्धं पीक वाचलं असतं."

लूशा ओट्याशी उभी. खुर्च्या चार होत्या, तीन रिकाम्या.

"मला हरवायला केलंस असं मी म्हणत नाही. गावात म्हणतील, मी म्हणणार नाही. तू म्हणालीस की चुकून झालं, तर मी मानीन. तुला असं जिंकायचं नसेल तर पुढच्या वेळी पुन्हा दोन खोल्या लावू, तू डावीकडे, मी उजवीकडे, हवं तितक्या वेळा. तुला खोलीतून कोणी काढत नाही. पण मला एक सांग." तिने फांदी आईकडे सरकवली. "तुला दिसलं होतं ना? दिसलं होतं तर सांगितलं का नाहीस?"

बोर्श्ट उकळत होतं. मी गॅस बारीक केला, कोणीतरी करायलाच हवा होता.

"मा. विचारतेय मी."

लूशाने ॲप्रनला हात पुसले, ॲप्रन काढून खुंटीला अडकवला. शाल घेतली, डोक्यावरून ओढली. एक दार शेडकडे उघडतं आणि एक रस्त्याकडे. तिने रस्त्याकडचं उघडलं, आणि मागे न बघता बाहेर पडली.